बीडहून दिसणारे विद्यापीठ

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या, शिकलेल्या घरात पदव्या काढून बघितल्या, तर तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन वेगवेगळे शिक्के सापडू शकतात. आजोबांची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची, वडिलांची मराठवाडा विद्यापीठाची आणि नातवाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. घर तेच, गाव तेच. बदलले ते राज्य, भाषा आणि नाव. यातला कुठलाही बदल फुकट झाला नाही. कुणी त्यासाठी तुरुंगात गेले, कुणाचे कॉलेज सुटले, कुणाचे घर जळाले.

विद्यापीठ झगडून मिळवावे लागते, हे आपल्याकडेच घडले असे नाही. हॉलंडमधल्या लायडन शहराभोवती स्पॅनिश फौजेचा वेढा होता. उपासमारीने शहर खंगले होते. 3 ऑक्टोबर 1574 ला वेढा उठला आणि चारच महिन्यांनी, 8 फेब्रुवारी 1575 ला, तिथे विद्यापीठ उघडले. ‘करमाफी हवी की विद्यापीठ?’ असे ऑरेंजच्या विल्यमने विचारले आणि लोकांनी विद्यापीठ मागितले, अशी कथा तिकडे सांगतात. खरी असो-नसो, अशी कथा सांगाविशी वाटणारे शहर मला आवडते. त्या वर्षी आपले दासोपंत चोविशीच्या आसपास होते. पुढे अंबाजोगाईत त्यांनी सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला आणि लांबलचक कापडावर ती प्रसिद्ध पासोडी लिहिली. त्याच गावात मुकुंदराजांची समाधी आहे आणि त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके 1110, म्हणजे 1188, मानला जातो. म्हणजे विद्या होती, ग्रंथ होते, लिहिणारे होते. त्यांना सांभाळणारी आणि पुढे नेणारी संस्था मात्र नव्हती.

ती आली 1918 मध्ये, आणि परक्या भाषेत आली. सातव्या निजामाने काढलेल्या उस्मानिया विद्यापीठाला नावे ठेवणे आपल्याकडे फार सोपे झाले आहे. पण इंग्रजी मुलखातली सगळी विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत असताना कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी देशी भाषेतून शिकवायचे धाडस इथे झाले. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून पुस्तके तयार करवून घेतली. औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांनी ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चे ठाणे मांडले आणि उर्दू कोशाचे काम चालवले. हे सगळे मोठेच काम होते. गोम एवढीच की ती देशी भाषा मराठवाड्यातल्या बहुतेकांच्या घरातली नव्हती. घरी मराठी, वरच्या वर्गांत उर्दू आणि शिवाय इंग्रजी सक्तीची, अशा तीन पायऱ्या चढून बीड, गेवराई, माजलगावचे पोर मॅट्रिकला पोचायचे. औरंगाबादला 1923 मध्ये इंटरपर्यंतचे सरकारी कॉलेज निघाले. त्यापुढे शिकायचे तर परळीला किंवा जालन्याला गाडी गाठून थेट हैदराबाद. किती जणांना ते परवडत असेल, हे सांगायला नको.

म्हणून या जिल्ह्याची खरी शैक्षणिक वाटचाल विद्यापीठातून नव्हे, शाळेतून सुरू होते. अंबाजोगाई तेव्हा सरकारी कागदांत मोमिनाबाद होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ 1935 च्या सुमारास इथे आले. बाबासाहेब परांजपे त्यांच्या बरोबरीचे. योगेश्वरी देवीच्या नावाच्या शाळेचा कारभार या मंडळींनी हाती घेतला. सभा घ्यायला परवानगी, शाळा काढायला परवानगी, अशा राज्यात शाळेचा वर्ग हीच काय ती चार जणांनी एकत्र बसायची जागा होती. वर्गात इतिहास-भूगोल शिकवायचा आणि वर्गाबाहेर माणसे तयार करायची, असा हा दुहेरी उद्योग होता. 1938 मध्ये स्वामीजी हैदराबादला गेले, स्टेट काँग्रेसचे काम अंगावर घेतले आणि पुढचा मुक्तिसंग्राम आपल्याला पाठ आहे.  

त्याच 1938 च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, संप झाला, शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक, आणि स्वामीजींचे शिष्यही. हा प्रसंग एरवी देशभक्तीच्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो. मला त्यात दुसरेही काही दिसते. काढून टाकलेल्या पोरांनी दगड उचलले नाहीत, दुसरे विद्यापीठ शोधले. ‘आपले विद्यापीठ’ ही मागणी मराठवाड्याच्या डोक्यात शिरली ती अशा अनुभवांतून.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले, तरी पदवीवरचा शिक्का आणखी दहा वर्षे उस्मानियाचाच राहिला. मधल्या काळात सर्वांत मोठे पाऊल कुणी टाकले असेल, तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते आजचे मिलिंद. म. भि. चिटणीस पहिले प्राचार्य. मुंबई-पुण्यात जागा असताना त्यांनी मुद्दाम मराठवाडा निवडला, कारण इथली शिक्षणाची उपासमार त्यांना ठाऊक होती. बीड, पाटोदा, केजकडच्या दलित वस्त्यांतली मुले वळकटी घेऊन मिलिंदच्या नागसेनवन परिसरात उतरली ती याच काळात. विद्यापीठ पुढे याच परिसराला लागून उभे राहिले, ही गोष्ट नामांतराचा वाद घालणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यायला हवी होती.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी अंबाजोगाईत योगेश्वरी महाविद्यालय सुरू झाले. शाळेच्या पोटातून कॉलेज निघाले, तेही तालुक्याच्या गावी. बीडचे बलभीम महाविद्यालय 1960 चे. या दोन्ही तारखांच्या मधोमध, 23 ऑगस्ट 1958 ला, पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाचे ते अनेक वर्षे कुलसचिव होते आणि त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिला होता. परीक्षा, अभ्यासमंडळे, संलग्नता हा सगळा सांगाडा त्यांना तोंडपाठ. नव्या विद्यापीठाला असा कारभारी लागतोच. पण त्यामुळे मुंबईचीच चौकट इथे आली, हेही खरे. परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे केंद्र, भोवती संलग्न कॉलेजे. लायडनसारख्या ठिकाणी शिकवणे आणि शोधणे एकाच छताखाली वाढले. आपल्याकडे शिकवणे जिल्ह्यात राहिले आणि शोधणे डोंगराच्या पायथ्याच्या त्या सातशेहून अधिक एकरांत.

तिथे काम झाले, आणि चांगले झाले. मराठी विभागात डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभाव आणि संतांच्या हस्तलिखितांत आयुष्य घातले. एका मुसलमान प्राध्यापकाने मठामठांतून पोथ्या मागाव्यात आणि महंतांनी त्या विश्वासाने काढून द्याव्यात, हे मराठवाड्यातच शोभते. गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’मधून दलित साहित्याला व्यासपीठ दिले. भालचंद्र नेमाडे इथे शिकवत होते. इतिहास विभागाचे र. शं. गुप्ते यांनी नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांच्याबरोबर 1973 मध्ये भोकरदनचे उत्खनन केले. 1938 मध्ये ज्या विद्यापीठाने आपल्या पोरांना आसरा दिला, त्याच्याशी पस्तीस वर्षांनी बरोबरीच्या नात्याने मातीत उतरता आले, याचे मोल कुठल्या मूल्यांकनात मोजत नाहीत. रा. श्री. मोरवंचीकरांनी पैठणचा इतिहास लिहिला. यादी लांबवता येईल, पण इथे थांबतो.

नामांतराबद्दल मात्र भरभर लिहून चालणार नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव केला. ठरावाची शाई वाळायच्या आत मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या, माणसे मारली, गावोगाव बहिष्कार घातले. ठरावाच्या विरोधात कॉलेजची मुले होती, मास्तर होते, मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेली माणसेही होती. ‘मराठवाडा’ या नावासाठी आपण लढलो, ते पुसले जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. ते प्रामाणिक होते असे धरले, तरी गावातल्या शेजाऱ्याचे छप्पर पेटवून कुठली अस्मिता राखली जाते, याचे उत्तर त्यांच्यापैकी कुणी दिलेले मला आठवत नाही. 1979 चा लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग, गोळीबार असे होत सोळा वर्षे गेली. 14 जानेवारी 1994 ला ‘नामविस्तार’ झाला. दोन्ही नावे राहिली. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या कमानीसमोर बीड जिल्ह्यातूनही गाड्या भरून माणसे जातात. त्यांतल्या कितीतरी जणांनी विद्यापीठात कधी पाऊल ठेवलेले नसते. कमानीला हात लावून, नमस्कार करून, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तके घेऊन ती परत येतात. पदवीदान समारंभापेक्षा मला हा समारंभ अधिक खरा वाटतो.

त्याच 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि लातूर, परभणी तिकडे गेले. बीड औरंगाबादकडे राहिला. त्यामुळे अंबाजोगाईची गंमत अशी की लातूर हाकेच्या अंतरावर, पण विद्यापीठाचे काम निघाले की दोनशेहून अधिक किलोमीटर. स्वामीजी जिथे मुख्याध्यापक होते, ते गाव त्यांच्या नावाच्या विद्यापीठात नाही! त्यांचे नाव मात्र इथल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, मराठवाडा विकास आंदोलनाच्या धामधुमीत ते मिळाले. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून अंबाजोगाईकर ते अभिमानाने सांगतात.

आज जिल्ह्यात बीड, परळी, माजलगाव, कडा, केज, गेवराई, सगळीकडे कॉलेजे आहेत. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. आईबाप फडावर, पोरगी आजीजवळ राहून बी.ए. करते आणि सत्राची परीक्षा नेमकी टोळी निघायच्या घाईत येते. विद्यापीठात गेलेली मुले ‘कमवा व शिका’ योजनेत सकाळी बागेत, कार्यालयात राबून दुपारी वर्गात बसतात. ही मुले विद्यापीठाची खरी कमाई आहे. पण ऊसतोड कामगार हा आपल्याकडे प्रबंधाचा विषय झाला, प्रबंध लिहून झाला की मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघेही मोकळे, आणि तो बांधलेला ग्रंथ परत धारूर-वडवणीत कुणाला वाचायला मिळत नाही. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाची ग्रामीण विकासाची संशोधन संस्थासुद्धा विद्यापीठाच्या आवारात आहे, फडाजवळ नाही. पदवी बीडपर्यंत आली; संशोधन अजून छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) अलीकडे फारसे सरकले नाही.

ते सरकवायला इमारत लागत नाही. जिल्ह्यातल्या जुन्या शाळांत, कचेऱ्यांत आणि घरांत निजामी काळातली दप्तरे पडून आहेत. हजेरीपट, दाखले, शेतसाऱ्याचे कागद. काही उर्दूत, काही मोडीत. बीड शहरात मिल्लिया महाविद्यालयात उर्दू वाचणारी मुले आहेत आणि बलभीममध्ये मराठीतून इतिहास लिहू शकणारी. दोन्ही कॉलेजांच्या विभागप्रमुखांनी एका टेबलाभोवती दोन-दोन विद्यार्थी बसवावेत आणि एका शाळेच्या एका रजिस्टरपासून सुरुवात करावी. ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात नेऊन दाखवावेत, आणि पोच घ्यायला विसरू नये.