मिरासदार, उपरी व समाधानाची विषमता

नांदेडनजीक गोदेच्या तीरावरील विष्णुपुरी हें गांव आज विद्यापीठामुळें व उपसा सिंचनाच्या प्रकल्पामुळें सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या शेतास पाणी पोंचलें तो सुखी व ज्याच्या पोंचलें नाहीं तो दुःखी, हें सांगावयास संशोधकाची गरज नाहीं. परंतु एकाच पावसावर, एकाच शिवारांत जगणाऱ्यांच्या समाधानांत अंतर कां पडे, ह्या प्रश्नाचें उत्तर केवळ उत्पन्नाच्या आंकड्यांत सांपडत नाहीं. त्याचा माग जुन्या कागदांत लागतो, असें आमचें मत आहे.

प्रथम पुणें प्रांताचा दाखला घेऊं. कारण तेथील कागद विपुल आहेत. मिरासदारास ठरीव व पुष्कळदां जड सारा भरावा लागे. शिवाय दर तीन वर्षांनीं मिरासपट्टी असे. उलट उपऱ्यास पडीक जमीन अनेक ठिकाणीं हलक्या दरानें, कौलानें मिळे. केवळ हिशेब पाहतां उपरीपण फायद्याचें ठरावें. तरीहि मिरास सोडण्यास कुणबी राजी नसे, व परागंदा झालेला मिरासदार दीर्घ काळानंतरहि परत येऊन तिजवर दावा सांगे. एल्फिन्स्टननें इ. स. १८१९ च्या आपल्या अहवालांत ह्या ओढीची नोंद केली आहे. आमच्या मतें तिचीं कारणें दोन: जमीन निघून जाणार नाहीं ही शाश्वती, व गोतांत बसण्याचा मान.

ह्यांपैकीं एकच असून भागत नाहीं, हें महार वतनावरून दिसतें. हक्क वंशपरंपरेचा खरा, परंतु त्यापोटीं अहोरात्र राबणूक व पदरीं अप्रतिष्ठा. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. शाश्वती असून मान नसेल, तर वतन ही बेडीच होय.

मराठवाड्यांत राज्य निजामाचें असल्यानें वरील व्यवस्था जशीच्या तशी येथें लावतां येणार नाहीं. प्रश्न मात्र तोच होता. निजामी राजवट १९४८ त संपली, १९४९ त जहागिरी गेल्या, आणि १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आली. त्या दोन शब्दांचा अर्थ धान्याच्या मापांत मोजतां येत नाहीं. पुढील पेरणी आपलीच, हा भरंवसा त्यांत होता.

अर्थशास्त्रज्ञ ईस्टरलिन ह्यांनीं १९७४ सालीं दाखविलें कीं, एकाच देशांत श्रीमंत हे गरिबांहून अधिक समाधान सांगतात. पण देशाची संपत्ति वाढली म्हणून एकंदर समाधान त्या मानानें वाढत नाहीं. मनुष्य शेजाऱ्याकडे पाहून आपलें माप घेतो, हा त्याचा एक उलगडा. आमचे कागद त्यांत इतकीच भर घालतात कीं, तो शेजाऱ्याच्या कणगीबरोबर त्याची शाश्वती व पंक्तींतील जागाहि पाहतो.

तथापि मिराशीनें सर्व दुःख टळत नसे. दुष्काळ व मक्तेदाराचा तगादा ह्यांपुढें मिरासदारहि गांव सोडून गेले आहेत.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. मिरासपत्रांतील रक्कम व साक्षी आपण उतरून घेतोंच. परंतु शेवटचें ‘वंशपरंपरेनें अनुभवून सुखरूप राहणें’ हें वाक्य केवळ ठराविक म्हणून सोडून देतों. कोणास तें लिहून मिळालें व कोणास कधींच मिळालें नाहीं, ह्याची गांववार यादी झाल्यास सुखाच्या विषमतेचा इतिहास लिहितां येईल.