सेवाभाव, सुरक्षितता आणि परिचर्या शिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
परिचर्येचा इतिहास बहुधा सेवा, त्याग आणि करुणा या मूल्यांभोवती लिहिला जातो. या मूल्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु रुग्णाची सुरक्षितता केवळ सेवाभावातून निष्पन्न होत नाही, हेही त्याच इतिहासाने दाखवून दिले आहे. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्ना, स्कुटारी व लंडन येथील अनुभवांच्या आधारे सुरक्षित परिचर्या आणि रुग्णशिक्षण यांचा परस्परसंबंध तपासला असून भारतीय संदर्भात त्याचा विचार केला आहे.

व्हिएन्ना : कारणाविना नियम
व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी काम करीत. १८४६ मध्ये पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के माता दगावल्या. दुसऱ्यात हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. मार्च १८४७ मध्ये याकोब कोलेच्का या प्राध्यापकांचा शवविच्छेदनाच्या वेळी झालेल्या जखमेमुळे मृत्यू झाला. त्यांच्या शरीरात सूतिकाज्वरासारखीच लक्षणे आढळल्यावर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानी आले की, शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे हातच रोग वाहून आणतात. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्युप्रमाण जूनपासून २ टक्क्यांच्या आसपास आले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. सुईणींच्या विद्यार्थिनींचे हात सुरक्षित होते ते ज्ञानामुळे नव्हे, तर त्यांना शवविच्छेदन करावे लागत नसल्यामुळे. योगायोगाने लाभलेली ही सुरक्षितता परिस्थिती बदलताच नाहीशी होऊ शकते. दुसरीकडे, सेमेलवाइस यांचा नियम धाकावर चालला. त्यांनी आपले विवेचन सविस्तर ग्रंथरूपाने १८६१ मध्ये, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी प्रसिद्ध केले. तोवर त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले होते आणि अनेक सहकाऱ्यांना त्यांचा सिद्धांत पटला नव्हता. ज्यांनी नियम पाळायचा त्यांनाच त्याचे कारण पटले नाही, तर नियम टिकत नाही.

स्कुटारी ते लंडन : कारणासह नियम
क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांच्या परिश्रमांविषयी शंका नाही. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू घटले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युप्रमाण ४२ टक्क्यांवर पोहोचले. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालील तुंबलेली गटारे साफ करविली आणि हवा खेळती केली. त्यानंतर जूनपर्यंत हे प्रमाण २ टक्क्यांच्या जवळ आले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांच्या साहाय्याने आकडेवारी तपासताना नाइटिंगेल यांना या मृत्यूंमागील अस्वच्छतेचा वाटा स्पष्ट झाला. दिवा घेऊन फिरणाऱ्या देवतेच्या प्रतिमेआड हा कटू निष्कर्ष बहुधा झाकला जातो.

त्यांचे पुढील कार्य या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहावे लागते. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हे, तर घरी आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते. त्यात हवा, पाणी, प्रकाश व स्वच्छता यांविषयीचे नियम कारणांसह सांगितले आहेत. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. तेथे प्रशिक्षणार्थीच्या वर्तनाबरोबरच मलमपट्टी, रुग्णनिरीक्षण इत्यादी कौशल्यांचीही नोंद ठेवली जाई. १८९३ च्या एका निबंधात त्यांनी आजाऱ्याची परिचर्या आणि आरोग्याची परिचर्या असे दोन भाग मानले. दुसऱ्या भागाचा गाभा लोकशिक्षण हाच होता. ग्रामीण स्वच्छतेविषयी पुणे सार्वजनिक सभेशी त्यांनी केलेला पत्रव्यवहारही याच विचाराचा विस्तार होय.

भारतीय संदर्भ :
१९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार भारतात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. मात्र मनुष्यबळाच्या टंचाईत विद्यार्थिनीकडे शिकणारी व्यक्ती म्हणून न पाहता वॉर्डातील कामाचे हात म्हणून पाहण्याचा धोका संभवतो. कामाच्या घाईत ‘कसे’ शिकविले जाते आणि ‘का’ मागे पडते.

हीच उणीव पुढे रुग्णापर्यंत पोहोचते. आपल्याकडील रुग्णालयांत रुग्णाला भरविणे, कूस बदलणे, स्वच्छता ठेवणे ही कामे बहुधा नातेवाईकच करतात. म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या किंवा पसरविणाऱ्या हातांत त्यांचेही हात असतात. घरी सोडताना बाळंतिणीला नाळेची निगा किंवा मधुमेहीला इन्सुलिन घेण्याची रीत घाईघाईने सांगणे पुरेसे नाही. ऐकलेले त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले आणि करून दाखविले, तरच शिक्षण झाले असे म्हणता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातस्वच्छता मार्गदर्शिकेतही रुग्णाच्या सहभागाचा विचार केलेला आहे.

निष्कर्ष :
व्हिएन्नाने नियमाचे सामर्थ्य आणि कारण न पटलेल्या नियमाची दुर्बलता, तर स्कुटारीने सेवाभावाची मर्यादा दाखविली. सुरक्षित परिचर्या आणि रुग्णशिक्षण हे अभ्यासक्रमातील दोन स्वतंत्र घटक असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. जिला नियमाचे कारण समजले आहे, तीच विद्यार्थिनी गर्दीच्या वेळी तो पाळू शकते आणि रुग्णाला समजावून सांगू शकते. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत कृतीच्या अचूकतेबरोबरच त्या कृतीचे कारण रुग्णाच्या भाषेत सांगण्याच्या क्षमतेचेही मूल्यमापन होणे आवश्यक आहे.