उसातली भाजी

आमच्या घरात भाजीचा मळा असा वेगळा कधी नव्हता. भाजी उसात असायची. लग्न होऊन १९७८ साली मी कराडजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घोंगड्यावर दोन मापटी धने ओतले आणि मला ते चपलेनं रगडायला बसवलं. अख्खा धना म्हणजे दोन बियांची जोडी, फुटून दोन फाका झाल्याशिवाय तो नीट उगवत नाही. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. मला वाटलं, आता वाफा करायचा असणार. त्या मला थेट नुकत्याच लावण झालेल्या उसात घेऊन गेल्या.

सरीत कांड्या दाबलेल्या होत्या, वर हिरवं काहीच नव्हतं. आत्याबाई ओच्यात धने घेऊन वरंब्याच्या बगलेनं मुठी टाकत निघाल्या. मागून मी खुरप्यानं माती सारत होते. चार दिवसांनी मेथी आणि मुळा झाला, मग एका ओलीत कांद्याचं तरू लावलं. पाटाच्या कडेला गवार, भेंडी, चार मिरच्या. पाणी जिथं तुंबतं त्या खालच्या अंगाला आळू. मामंजी बांधावरून म्हणाले, ‘उसाचं खत खाणार हे सगळं.’ आत्याबाईंनी मान वर न करता सांगितलं, ‘रिकाम्या रानात तण घुसतंयच. त्यापरीस कोथमीर काय वंगाळ?’

यातलं गणित मला पुढं शाळेत विज्ञान शिकवताना कळत गेलं. ऊस उगवायलाच दोन-तीन आठवडे घेतो, मग फुटवे फोडत तीन-चार महिने रेंगाळतो. तोवर दोन सऱ्यांमधली जागा ऊन खात पडलेली असते. मेथी महिन्यात निघते, कोथिंबीर दीड महिन्यात, कांद्याला साडेतीन-चार महिने लागतात. म्हणजे भरणीला, उसाच्या बुडाशी माती चढवायला, बैल आत शिरायच्या आधी सगळं घरात. भरणी झाली की ऊस रान झाकून टाकतो आणि मग कुणाला काही लावताच येत नाही. कांद्याची मुळं वरच्या वितीत, उसाची त्याखाली पसरलेली. चवळी तर स्वतःच्या मुळाशी नत्र धरते. मी तिची मुळं उपटून गाठींसकट वर्गात नेत असे.

मक्याला मात्र आत्याबाई कडक होत्या. पोरं कणसासाठी हट्ट करायची, म्हणून वीस पावलांवर एक दाणा, त्याहून जास्त नाही. मका उसाच्या आधी वर जातो, सावली करतो, फुटवे कमी पडतात आणि खतालाही हावरा. कांद्याच्या वासानं कीड पळते असं हल्ली बागकामाच्या पुस्तकांत छापतात. आत्याबाईंच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. त्यांचा कांदा भाकरीबरोबर खायला होता.

कृषी खात्याच्या भाषेत याला आंतरपीक म्हणतात. आमच्याकडं शब्द आहे इरवाड. तो उसाहून जुना असावा, कारण कोरडवाहू रानात त्याच्याशिवाय पेरणीच होत नसे. बाजरीत तूर, मटकी, हुलगा. शाळूच्या चारी कडेनं करडई, कारण तिच्या काट्यांत जनावर तोंड घालत नाही. पाभरीमागं दोरीनं सरता बांधायचा, पुरुषानं औत हाकायचं आणि बाईनं मागून सरत्यात इरवाडाचं बी सोडत चालायचं. मुख्य पीक पाभरीच्या चाड्यातून, इरवाड बाईच्या मुठीतून. पाऊस दगा देऊन बाजरी गेली तरी मटकी हाताला लागायची. लंडनच्या सरकारनं १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती सुधारायला डॉ. व्होलकर नावाचे रसायनशास्त्रज्ञ पाठवले. वर्षभराहून जास्त देश फिरून त्यांनी १८९३ साली जो अहवाल छापला, त्यात इथल्या शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याच्याकडून शिकावं असा सूर आहे आणि मिसळून पेरण्याच्या रीतीचीही त्यांनी दखल घेतली. पुढं इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांनीही १९४० च्या आपल्या पुस्तकात तृणधान्याला डाळीची जोड देण्याच्या इथल्या चालीची वाखाणणी केली. सरत्यात बी सोडणारी बाई मात्र दोघांच्याही पुस्तकात मला दिसली नाही.

ऊस आधी मोटेच्या पाण्यावर होता, गुऱ्हाळापुरता, थोडका. नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारमाही पाण्यानं शेतीचं मान बदललं. सासवडचे माळी खालच्या कालव्यांवर ऊस लावायला गेले, आणि साखरधंद्याला १९३२ मध्ये संरक्षण मिळाल्यावर त्यांनीच अकलूजजवळ माळीनगरला आपला कारखाना उभा केला. मला यातली मौज वाटते ती ही की, ही माणसं मुळात भाजी-फुलांची. सरीवरंब्याला पाणी कसं पाजायचं, कोणत्या पिकाशेजारी कोणतं चालतं, हे त्यांच्या हातात पिढ्यांचं होतं. आमच्या कृष्णाकाठी इंजिनं, मग विजेच्या मोटारी आणि सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतर आले. ऊस वाढला तशी कोरडवाहू रानं आणि त्यातली मटकी-हुलगा आटली. सरता माडीवर गेला. बायकांनी इरवाड तेवढं उचलून उसात आणलं.

त्याचे पैसेही बायकांचेच. आत्याबाई पहाटे कोथिंबिरीच्या पेंढ्या बांधायच्या आणि शेजारणीबरोबर कराडच्या बाजारात बसायच्या. उसाचं बिल मामंजींच्या नावावर बँकेत जायचं, कोथिंबिरीचे पैसे आत्याबाईंच्या कमरेच्या पिशवीत. माझ्या धाकट्या नणंदेच्या बारावीची फी त्या पिशवीतून भरली गेली, हे मामंजींना दोन वर्षांनी कळलं. कारखान्याचा चिटबॉय लावणीची नोंद घ्यायला येई, तेव्हा क्षेत्र, लावणीची तारीख, जात एवढंच लिहायचा. त्या काळात बहुतेक ‘७४०’. भाजीसाठी त्याच्या वहीत रकाना नव्हता, आणि ते बरंच होतं.

मोडलं ते भांगलणीपासून. बायांची मजुरी वाढली, बाया मिळेनाशा झाल्या आणि आमच्या शिवारात नव्वदीनंतर तणनाशकाचे पंप आले. उसातली ती औषधं, अॅट्राझिन काय किंवा टू-फोर-डी काय, ऊस या गवताला सोडतात आणि रुंद पानांचं बहुतेक सगळं जाळतात. औषधाला चवळी आणि घोळ यांत फरक कळत नाही. ज्या सरीत औषध पडलं त्या सरीत इरवाड संपलं. घरात कुणी बसून ठरवलं नव्हतं. एका साली फवारणी झाली, दुसऱ्या साली आत्याबाईंनी धने रगडले नाहीत, तिसऱ्या साली आम्ही मेथी विकत आणली. बी घरचं होतं तेही गेलं, कारण बियासाठी उभी ठेवायला झाडंच नव्हती.

ती बियाची झाडं आठवायचं कारण २००२ साली घडलं. सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता आमच्याकडंही पोचला. पानाच्या पाठीमागं कापूस पिंजल्यागत पांढरं, पानावर काळी कोळशी, आणि दहा फुटी उसात पंप घेऊन शिरायचं कसं? अखेर त्याला आवर घातला तो कीटकांनीच. डिफा नावाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हे शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द झाले. ज्यांच्या फडात त्या दिसल्या त्यांच्याकडून लोक पानं मागून आणायचे आणि आपल्या उसात अडकवायचे. मी भिंग घेऊन पोरांना फडात नेलं. आत्याबाई बांधावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, ‘कोथमीर फुलली का बारक्या माशा यायच्या बघ तिच्यावर.’ खरं होतं, कोथिंबिरीच्या फुलावर येणाऱ्या त्या माशांतल्या काहींच्या अळ्या मावा खातात. कोथिंबीर असती तर लोकरी मावा आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडं नाही.

आता आमच्या उसाच्या सऱ्या पाच फुटी आहेत. पूर्वी अडीच-तीन फुटांत बायका पाच भाज्या बसवायच्या. आता ट्रॅक्टर जावा म्हणून दुप्पट जागा मोकळी आहे आणि ती मोकळीच राहते. विद्यापीठाच्या पुस्तिकेत पूर्वहंगामी उसात कांदा, लसूण, बटाटा, कोबी घ्या असं रीतसर छापलेलं असतं. माझा मुलगा ती पुस्तिका मला वाचून दाखवतो आणि मग फवारणीवाल्याला फोन करतो.

मी विहिरीजवळच्या दोन सऱ्या मागून घेतल्यात. पहिल्या वर्षी फवारणाऱ्या पोरानं त्या सोडल्या नाहीत, आठ दिवसांत माझी चवळी वळकटी होऊन पिवळी पडली. त्याची चूक नव्हती, त्याला उसाशिवाय उसात काही असतं हे ठाऊकच नव्हतं. यंदा मी चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून लाल फडकी बांधली. कांदा चांगला बसलाय, कोथिंबिरीची सहा झाडं बियाला सोडलीत.

परवा चिटबॉय नोंदीला आला. आता त्याच्या हातात मोबाईल असतो. फडकी बघून म्हणाला, ‘काकू, हे काय?’ मी म्हटलं, ‘कांदा.’ तो हसला आणि त्यानं क्षेत्र पुरं चाळीस गुंठेच भरलं.