जांघेतील अंतर्गळावरील दुर्बीण शस्त्रक्रिया

पोटाच्या भित्तीतील कमकुवत जागेतून आतड्याचा किंवा चरबीचा भाग जांघेत उतरतो, तेव्हा त्यास जांघेतील अंतर्गळ म्हणतात. व्यवहारात हा विकार हर्निया या नावाने ओळखला जातो. तो पुरुषांत अधिक आढळतो. औषधाने तो बरा होत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरील निश्चित उपाय होय. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याच्या टीएपीपी व टीईपी या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकन शल्यचिकित्सक अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जांघेवर छेद घेऊन, टाक्यांवर ताण न येता कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दुर्बिणीद्वारे आतल्या बाजूने जाळी बसवण्यास सुरुवात झाली.

पद्धती

दोन्ही पद्धतींत सामान्यतः तीन लहान छेद घेतात आणि सुमारे १० × १५ सेंमी. आकाराची जाळी पोटाचे स्नायू व पर्युदर (उदरपोकळीचे पातळ अस्तर) यांच्यामध्ये पसरतात. फरक आहे तो तेथवर पोहोचण्याच्या मार्गात. टीएपीपीमध्ये दुर्बीण उदरपोकळीत नेऊन पर्युदर आतून कापतात व जाळी बसवल्यावर ते पुन्हा शिवतात. टीईपीमध्ये उदरपोकळीत न शिरता पर्युदराच्या बाहेरूनच जागा मोकळी करतात.

तुलना

टीएपीपीमध्ये काम करण्यास जागा अधिक मिळते, दुसऱ्या बाजूचा अंतर्गळही सहज दिसतो आणि अडकलेले आतडे तपासता येते. मात्र पोटातील अवयवांना इजा होण्याचा धोका किंचित अधिक असतो. टीईपीमध्ये हा धोका कमी असतो. परंतु जागा अपुरी असल्याने ती शिकण्यास कठीण जाते. ओटीपोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास ती अधिकच अवघड होते.

पद्धतीची निवड

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळजवळ सारखेच असतात; म्हणून शल्यचिकित्सकाचे कौशल्य व अनुभव यांवर निवड करावी. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांतील अभ्यासात (२००४) अंतर्गळ दोन वर्षांत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दुर्बीण शस्त्रक्रियेनंतर १०.१ टक्के, तर छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ४.९ टक्के होते. तथापि अशा २५० हून अधिक दुर्बीण शस्त्रक्रिया केलेल्या शल्यचिकित्सकांच्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी आढळले.

दोन्ही बाजूंचा अंतर्गळ, तसेच छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवलेला अंतर्गळ यांत दुर्बीण पद्धत विशेष उपयुक्त ठरते. संपूर्ण भूल न सोसणाऱ्या रुग्णांसाठी मात्र स्थानिक भुलीखाली करता येणारी छेदाची शस्त्रक्रिया आजही महत्त्वाची आहे.