कॅमेऱ्यावरचा फ्लॅश : ओळख पटवणारा उजेड आणि मिरवणारा उजेड

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या आमच्यासारख्यांना फॅशनच्या फोटोंशी काय देणंघेणं? पण फोटो खरा कशामुळे ठरतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आणि तो चंद्रपूर-गडचिरोलीत बसून विचारला, की त्याचा रंग बदलतो.

फॅशनच्या जगात गेली तीसएक वर्षं एक समजूत चांगली रुजली आहे. साधा खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा, त्याच्यावरचाच फ्लॅश समोरून मारायचा. म्हणजे फोटो प्रामाणिक, बिनबनावाचा. ही समजूत आज आपण तपासू.

आधी हा उजेड करतो काय ते बघू. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे चेहऱ्यावरच्या सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा चपटा दिसतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणजे दोन मीटरवरच्या नवरीला जेवढा उजेड मिळाला, त्याचा चौथा हिस्सा चार मीटरवरच्या वऱ्हाड्याला. मागे रान असेल तर निव्वळ काळोख. डोळ्यात शिरलेला उजेड आतल्या रक्तवाहिन्यांवरून सरळ लेन्सकडे परततो, म्हणून बुबुळं लाल दिसतात. आता सांगा, यात प्रामाणिक काय आहे? माणसाला असं कुणी कधी पाहतच नाही.

मग प्रामाणिकपणाचा हा लौकिक आला कुठून? त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १८८७ मध्ये जर्मनीत मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर तयार केली. ती लगेच उचलली न्यूयॉर्कच्या जेकब रीस या पत्रकाराने. गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत रात्री शिरून त्याने फोटो घेतले आणि १८९० मध्ये पुस्तक काढलं. त्यातून सुधारणांना बळ मिळालं, हे खरंच. पण दचकून उठलेल्या त्या माणसांना आधी कुणी विचारलं नव्हतं. फ्लॅशला पहिलं मोठं काम मिळालं ते हे : पुरावा गोळा करण्याचं.

आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने उत्तरेच्या जंगलात वाटेवर तार बांधून ठेवली. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. त्याचं पुस्तक १९२७ चं. आज ताडोब्यात कॅमेरा ट्रॅप लावतात, त्यामागचं तत्त्व तेच. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे असतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि पट्ट्यांवरूनच तो वाघ कोणता ते ठरतं. वाघाला कसं दिसायचंय, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. या कामाला आपण 'ओळख पटवणारा उजेड' म्हणू.

फॅशनचं काम याच्या नेमकं उलट. तिथे माणूस स्वतः ठरवतो, की मला असं दिसायचंय. हे मिरवणं. मिरवणं हा शब्द आपण उगाच हलक्यात घेतो. लग्नाची वरात मिरवते, पोळ्याला बैल मिरवतो. मिरवण्यात माणूस चार लोकांत आपलं मोल सांगत असतो.

मुंबईत हे मिरवणं मऊ उजेडात झालं. गौतम राजाध्यक्ष यांनी सिनेमातल्या लोकांचे जे फोटो काढले, 'फेसेस' हे त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं, त्यांत उजेड चेहऱ्याला गोंजारतो. युरोपात वारं वेगळं होतं. हेल्मुट न्यूटनने १९७० मध्ये रोमला खऱ्या पापाराझींनाच मॉडेलभोवती उभं केलं. गी बुर्दँने झगझगीत, कडक उजेड वापरला. नव्वदच्या दशकात युर्गेन टेलरने हातातल्या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारला आणि पुढे मार्क जेकब्सच्या जाहिराती तशाच केल्या. बघा काय झालं : पुराव्याचा उजेड मिरवण्याच्या कामाला लावला आणि त्याच्याबरोबर 'खरेपणा'ची पुण्याई फुकट मिळाली. कपडे तेच महाग, मॉडेल तीच निवडलेली.

आणि साधा कॅमेरा म्हणजे समोरच्याशी बरोबरीचं नातं, असंही नाही. टेरी रिचर्डसन हा याच धाटणीचा नावाजलेला छायाचित्रकार. अनेक मॉडेल्सनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्याने ते नाकारले. ऑक्टोबर २०१७ मध्ये काँडे नास्ट इंटरनॅशनलने आपल्या मासिकांना त्याच्याबरोबरचं काम थांबवायला सांगितलं. कॅमेरा कितीही छोटा असो, तो धरणाऱ्याच्या हातात सत्ता असतेच.

आता आपल्या मुलखात येऊ. इथली माणसं फोटोत आली ती आधी ओळख पटवण्यासाठी. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ चे. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात व्हेरियर एल्विन, प्राणहितेपलीकडच्या आदिलाबादेत फ्यूरर-हाइमेनडॉर्फ. दोघांची पुस्तकं चाळीसच्या दशकातली. मोलाची कामं आहेत, आम्ही ती आदरानेच वाचतो. पण अशा ग्रंथांतले फोटो बघा. मण्यांच्या माळा आहेत, केसांत खोचलेल्या फण्या आहेत, गोंदण आहे. ती बाई सजूनच उभी आहे! खाली बहुतेक वेळा जमातीचं नाव असतं, बाईचं नसतं. तिचं मिरवणं नमुना म्हणून नोंदलं गेलं.

यात बदल केला तो साध्या कॅमेऱ्याने. आग्फाचा क्लिक थ्री आला, एका रोलमध्ये बारा फोटो. उटीच्या सरकारी कारखान्यात 'इंदू' फिल्म बनू लागली. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला. काही जुळवायचं नाही, धरा आणि दाबा. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा भामरागड, एटापल्लीकडच्या किती गावांत वीज होती? स्टुडिओचे दिवे चालणार कशावर? सेलवर चालणारा फ्लॅश मात्र सायकलवरून कुठेही जात होता. लग्नाच्या मांडवात, मंडईत, शंकरपटात लोक नवे कपडे घालून स्वतः म्हणू लागले, 'काढा फोटो'. पैसे त्यांचे, उभं राहण्याची ढब त्यांची आणि हातात येणारा फोटोही त्यांचा. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं आठवा. धान निघाल्यावर वडशाच्या मंडळ्या रात्र-रात्र नाटकं करतात आणि पोस्टरवर नटनट्यांचे चेहरे ठसठशीत छापतात. याच रंगभूमीवरचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या मते, आपल्या भागाच्या फॅशन फोटोग्राफीचा इतिहास लिहायचा तर तो या पोस्टरांपासून आणि लग्नाच्या अल्बमांपासूनच.

हे चित्र गोजिरवाणं करून सांगायचं नाही. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला जी कार्डं वापरत, त्यांवर अनेक दशकं गोऱ्या बाईचाच फोटो असे. आपोआप चालणारा फ्लॅश परतून आलेला उजेड मोजतो आणि थांबतो. समोर पांढरंशुभ्र धोतर असलं तर तो लवकर थांबतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. मागे अंधार असला तर उजेड जास्त पडतो आणि चेहरा पांढराफटक होतो. आणि नवरी पांढरी दिसली तर कुणी तक्रार करत नाही, तो 'चांगला' फोटो ठरतो. म्हणजे मिरवण्याचा हक्क मिळाला, पण स्वतःच्या रंगात मिरवण्याचा पुरता मिळाला नाही. आज संगणकावर चेहरे उजळवतात, तिथेही तेच चालू आहे.

कुणी विचारेल, मग खरा फोटो कोणता? आमचं उत्तर असं, की खरेपणा उजेडाच्या जातीवर ठरवू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. फोटो काढा असं कुणी म्हटलं? कसं दिसायचं ते कुणी ठरवलं? आणि फोटो शेवटी कुणाच्या घरी गेला? मासिकातला लाल डोळ्यांचा फोटो आणि कोरचीच्या एखाद्या घरातला लाल डोळ्यांचा फोटो दिसायला सारखे असतील. या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र सारखी येणार नाहीत.

जाता जाता एक विनंती. घरातल्या जुन्या अल्बमांतले रंग आता उडत चाललेत. फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. कुणाचं लग्न होतं, साडी कुठून आणली होती, तेही. आजीला विचारा, ती आहे तोवर. जुन्या ग्रंथांनी जे नाव लिहिलं नाही, ते निदान आपल्या भिंतीवरच्या फोटोमागे तरी असू द्या.