गिट : फाईल भांडारात जमा होते कधी?

‘अहवाल’, ‘अहवाल नवा’, ‘अहवाल अंतिम’... संगणकावर काम करणाऱ्या अनेकांच्या फोल्डरमध्ये अशा फायलींची गर्दी आढळते. यातील खरी कोणती, हा पेच सोडवण्यासाठी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली असते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतलेली ‘गिट’ ही त्यातील सर्वाधिक प्रचलित. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या समूहाने ‘मुक्ता’ या देवनागरी टंकाच्या मूळ फायली ‘गिटहब’वरील अशाच भांडारात सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला जवळच्या लोणार सरोवरावरील टिपणे अशा भांडारात ठेवायची आहेत, असे समजू. टर्मिनल उघडून, टिपणांच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ ही आज्ञा दिली की भांडार तयार होते. (आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित करावी.) फायली मात्र आपोआप त्यात जात नाहीत. त्यासाठी तीन पायऱ्या आहेत.

पहिली ‘गिट अ‍ॅड’. पुढे फाईलचे नाव लिहावे. नावाऐवजी टिंब दिल्यास फोल्डरमधील सर्व बदल निवडले जातात. ही केवळ निवड होय. निवडीनंतर फाईल पुन्हा बदलली, तर ती पुन्हा ‘अ‍ॅड’ करावी लागते. रिकाम्या फोल्डरची नोंद गिट घेत नाही.

दुसरी ‘गिट कमिट’. निवडलेले बदल छोट्या संदेशासह इतिहासात नोंदले जातात. पण ही नोंद त्याच संगणकावर असते. हार्ड डिस्क निकामी झाली, तर इतिहासही गेला. म्हणून तिसरी पायरी ‘गिट पुश’; दूरच्या भांडाराचा पत्ता आधी जोडलेला असल्यास नोंदी तेथे पोहोचतात.

‘गिट स्टेटस’ने कोणती फाईल कोठवर आली, हे कळते. मराठी नावाच्या फायली तेथे आकड्यांच्या रूपात दिसल्यास घाबरू नये. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केल्यास नावे देवनागरीत दिसतात.

टिंब वापरताना मात्र सावध असावे. पासवर्ड असलेली फाईल नजरचुकीने ‘कमिट’ झाल्यास, पुढे ती पुसली तरी जुन्या नोंदीत राहतेच. अशा फायलींची नावे ‘गिटइग्नोर’ फाईलमध्ये आधीच लिहून ठेवणे श्रेयस्कर. आणि तो पासवर्ड ‘पुश’ होऊन गेलाच असेल, तर तत्काळ बदलावा.