मेलेल्याचा शब्द चालतो, गप्प केलेल्याचा का नाही?

ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही, हे आपण ऐकून असतो. पण 1872 च्या पुरावा कायद्यातच त्याला अपवाद होते. कलम 32 नुसार, मृत माणसाने स्वतःच्या मरणाच्या कारणाविषयी सांगितलेलं ग्राह्य धरलं गेलं. शपथ नाही, उलटतपासणी नाही. इंग्लंडमध्ये बोलणाऱ्याला मरण समोर दिसत असणं आवश्यक होतं. इथे तीही अट नव्हती. नागपूरच्या खुशाल राव खटल्यात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की विश्वासार्ह मृत्युपूर्व जबानी एकटीही शिक्षेला पुरेशी आहे.

आता जिवंत साक्षीदाराचं बघा. विरुद्ध पक्षाने त्याला दूर ठेवलं, तर त्याची आधीची साक्ष वापरता येते, हे कलम 33 तेव्हाच सांगत होतं. पण त्या साक्षीवर उलटतपासणीची संधी मिळालेली हवी. पोलिसांनी घेतलेला जबाब यात बसत नाही. अत्याचाराच्या प्रकरणात बहिष्कार पडतो, मजुरी बंद होते आणि खटला उभा राहण्याआधीच साक्षीदार गाव सोडतो. मग त्याचा शब्द कागदावरच राहतो. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य अधिनियम आला; कलमं 26 आणि 27 झाली, अट तीच राहिली.

म्हणून मित्रांनो, निकालानंतरच्या मोर्चाइतकंच साक्षीपर्यंतचं काम महत्त्वाचं आहे. अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 15अ साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्चाचा हक्क देतं. तो पहिल्या दिवसापासून लेखी मागा. आपल्या माणसाचा शब्द ऐकला जायला त्याला मरावं लागू नये.

जय भीम!